तुआरेग संगीत ऐकायचं कसं? गिटारपासून नको, उखळापासून सुरू करा

तुआरेग म्हणजे सहारा वाळवंटातले परंपरेने भटके लोक. त्यांचं संगीत म्हटलं की बहुतेक जण थेट मालीचा तिनारिवेन हा बँड लावतात, तोंडाला फेटे गुंडाळलेली माणसं आणि इलेक्ट्रिक गिटार बघतात आणि 'डेझर्ट ब्लूज' म्हणून मोकळे होतात. ऐकायला भारीच आहे ते, पण अशाने अर्धी गोष्ट हातातून निसटते.

म्हणून आधी तेंदे ऐका. तेंदे म्हणजे धान्य कांडायचं लाकडी उखळच, त्याच्या तोंडावर बकरीचं ओलं कातडं बांधतात, दोन्ही बाजूंना लांब मुसळं आडवी अडकवतात आणि त्यावर बायका बसतात, त्यांच्या वजनाने कातडं ताणलेलं राहतं, सुकायला लागलं की वरून पाणी शिंपडायचं. गाणंबजावणं आटपलं की कातडं सोडायचं आणि उखळ परत कांडणाला! एक बाई ओळ गाते, बाकीच्या टाळ्या वाजवत तिला साथ देतात, मधेच जिभेने तो उंच लांबलचक आवाज काढतात. तुम्हीही सोबत टाळी धरून बघा, बऱ्याचदा सहाच्या मोजणीत बसते.

मग इमझाद ऐका. भोपळ्यावर कातडं, घोड्याच्या केसांची एकच तार, आणि वाजवणार फक्त बायका. पुरुष त्या सुरावर पराक्रमाच्या कविता म्हणतात. 2013 मध्ये युनेस्कोने अल्जीरिया, माली आणि नायजर मिळून ही परंपरा वारसा यादीत घेतली.

आता लावा तिनारिवेन. खालची तार सारखी घुमत राहते, वरचा सूर इमझादसारखा वळणं घेतो, टाळ्या त्याच आणि मागून साथ देणारा कोरसही तोच. हे एकदा कानाला पकडता आलं ना, की ही गिटार बाहेरून आणून चिकटवलेली वाटतच नाही.

बदललं काय, तर गाण्याचा विषय. मालीत तुआरेगांचं 1963 चं बंड चिरडलं गेलं, त्यात तिनारिवेनचा संस्थापक इब्राहिम अग अलहबीबच्या वडिलांना मारलं, तो तेव्हा लहान पोर होता. पुढे त्याने पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची वायर घेऊन स्वतःची गिटार बनवली. 70 आणि 80 च्या दशकांतल्या दुष्काळांत गुरं मेली, पोरं कामासाठी अल्जीरिया-लिबियात गेली, आणि परमुलखातलं एकटेपण, एकजूट, जागे व्हा हे सगळं गाण्यांत आलं, कॅसेटवरून कॅसेट कॉपी होत हजारो किलोमीटर पसरलं. म्हणून शब्दांचं भाषांतर मिळालं तर नक्की वाचा, नुसत्या तालावर डोलून हे कळणार नाही.

यानंतर माझा सगळ्यात लाडका बँड, ले फीय द इलिघादाद. नायजरमधल्या इलिघादाद गावच्या फातू सैदी घालीने भावाने लिबियातून आणलेल्या गिटारवर आपलं आपणच शिकून घेतलं. तेंदे बायकांचं आणि गिटार पुरुषांची अशी वाटणी झाली होती, हिने दोन्ही एकत्र आणलं. पाण्यात उपडा तरंगणारा भोपळा बडवल्याचा तो खोल ठोका हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर तो जवळजवळ गायबच होतो.

नायजरचा गिटारवादक म्दू मोक्तार शेवटी ठेवा. डावखुरा, प्रचंड वेगवान, सुरुवातीची त्याची गाणी मोबाईलच्या मेमरी कार्डांवरून पसरली आणि आता तो फ्रान्सला वसाहतवादावरून थेट सुनावतो.

एक मात्र करू नका, प्रत्येक गाणं बंडाचं समजू नका. नायजरमधल्या अगादेझ, अबालकसारख्या ठिकाणी गिटारवाल्यांची कमाई लग्नांतून होते, तेव्हा लग्नातली रेकॉर्डिंग्ज शोधा, आवाज फाटलेला असतो, गर्दी मधेमधे ओरडते, आणि स्टुडिओच्या स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये न सापडणारा जोर तिथे सापडतो.