खान्देशात डिशवॉशर वापरताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे डिशवॉशर घेतलेल्या घरांतून थोड्याच महिन्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते: काचेचे ग्लास धुरकट झाले, स्टीलच्या ताटांवर पांढरे डाग राहतात. मग दोष यंत्राला दिला जातो, नाहीतर आपल्या तेल-मसाल्याला. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो, आणि त्यावरचा उपाय त्याच मशीनमध्ये असतो. तो कुणी सुरूच केलेला नसतो, एवढंच.

मीठ, आणि मिठाचं सेटिंग

बोअरचं पाणी जमिनीतून मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं धरलंय. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्यात चालणारं पाणीसुद्धा काचेवर थर धरू शकतं.

बहुतेक घरगुती डिशवॉशरच्या तळाशी सॉफ्टनर असतो. त्यातले रेझिनचे मणी क्षार धरून ठेवतात. मणी भरले की मिठाचं पाणी ते क्षार काढून टाकतं आणि मणी पुन्हा कामाला लागतात. मीठ भांडी घासण्यासाठी नसतं, या मण्यांसाठी असतं. ते किती वेळा लागेल हे पाण्याच्या जडपणाच्या सेटिंगवर ठरतं, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. मशीन बसवणारा माणूस घाईत हे सेटिंग तसंच सोडून जातो. त्याला समोर थांबवून जडपणा मोजायच्या पट्टीनं पाणी तपासून घ्या. तपासणीचा रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये असेल तर त्या आकड्याला १८ नं भागा. पुष्कळ मॅन्युअलमध्ये जडपणा ज्या मापात देतात ते जर्मन अंश मिळतात. ५०० मिलिग्रॅमचं पाणी म्हणजे सुमारे २८ अंश. मिठाचं कामही करणाऱ्या ‘ऑल इन वन’ टॅब्लेटचा भरवसा साधारण २१ अंशांपर्यंतच धरावा. त्यापुढे टॅब्लेट वापरा किंवा पावडर, मीठ वेगळं घालावंच लागतं.

उन्हाळ्यात नळाचं पाणी आठवडाभर लांबलं की त्याच टाकीत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी पडतं. पाणी बदललं की सेटिंगही पाहा.

घरातलं बारीक मीठ घालू नका. त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ असतात, सॉफ्टनर तुंबतो. डिशवॉशरचं जाडं मीठच आणा आणि मशीन चालू करण्याच्या अगदी आधी भरा, कारण सांडलेलं मीठ रात्रभर तळाशी राहिलं तर स्टीललाही गंज धरतो. आरओमधून वाया जाणारं पाणी साठवून मशीनला देण्याची काटकसर तर मुळीच करू नका. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

ग्लास आधीच धुरकट झाला असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवून पाहा. स्वच्छ झाला तर तो क्षारांचा थर होता. तसाच राहिला तर काच कायमची खरवडली गेलीय. मग पावडर कमी करा आणि नाजूक काच हातानंच धुवा.

भांडी आधी धुऊ नका, खरवडा

शेवभाजीची तर्री सुटलेली ताटं पाहून आपला हात आपोआप नळाकडे जातो. उष्टं कचऱ्यात झाडा, तेवढं पुरे. पावडरीतली एन्झाइम्स बेसन, भात, डाळ यांतली प्रथिनं आणि स्टार्च तोडण्यासाठीच असतात. तर्रीचं तेल जास्त असेल तर ६५ ते ७० अंशांचा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम लावा. रोजच्या वरण-भाजीला इको पुरतो. इको खूप वेळ चालतो म्हणून वीज जास्त खाईल, हा समज चुकीचा आहे. वीज मुख्यतः पाणी तापवायला जाते, आणि इकोमध्ये पाणी कमी तापतं.

भांडी घासायचं लिक्विड मात्र थेंबभरही नको. फेस होतो आणि मशीन एरर दाखवून थांबतं.

वाट्या एकात एक ठेवल्या की आतली वाटी कोरडीच राहते. परात किंवा मोठं पातेलं पाणी उडवत फिरणाऱ्या पंख्याला अडत नाही ना, पावडरीचं झाकण अडवत नाही ना, हे पंखा हातानं फिरवून पाहा.

भरीत झालं त्या दिवशी फिल्टर काढून धुवाच. भाजलेल्या वांग्याच्या सालीचे काळे कण, मिरचीच्या बिया, कोथिंबिरीच्या काड्या जाळीत बसतात आणि पंख्याची भोकं बुजवतात. एरवी आठवड्यातून एकदा पुरे.

लोखंडी तवा-कढई, पुरणपोळीचं मातीचं खापर, भरीत ठेचायचं लाकडी भांडं, कल्हईची पितळी पातेली मशीनमध्ये जाणार नाहीत. ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो. कंपनीनं मशीनमध्ये चालतो असं लिहिलं असेल तरच घाला.

पाणी येत नाही, पाणी जात नाही

बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या जोडणीपेक्षा ३ ते ५ मीटर उंच हवं. एकमजली घराच्या स्लॅबवर टेकवलेली टाकी इथे कमी पडते. टाकीला स्टँड करा किंवा प्रेशर पंप लावा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पाण्याच्या पाइपच्या तोंडाची बारीक जाळी गाळानं भरते. पाणी हळू येतंय असं वाटलं की नळ बंद करून आधी ती जाळी धुवा, मेकॅनिकला फोन नंतर.

खाली घाण पाणी साचलं किंवा वास आला तर सांडपाण्याचा पाइप पाहा. तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर वळवून मग खाली यायला हवा. नुसता मोरीत सोडला की पाणी वेळेआधी निघून जातं किंवा मोरीचं पाणी परत येतं.

मध्येच वीज गेली तर दार लगेच उघडू नका, आत कढत पाणी असू शकतं. बहुतेक मशीन्स वीज आल्यावर थांबल्या जागेपासून पुढे चालू होतात. इन्व्हर्टरवर चालवायचा प्रयत्न करू नका. हीटरच साधारण दोन किलोवॅटचा असतो. त्याला अर्थिंगचं स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट द्या, एक्स्टेन्शन बोर्ड नको.