मे महिन्यात मुलांसोबत मॉरिशस: हॉटेल पश्चिमेला घ्या

मुंबईत मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, तेव्हा मॉरिशसमध्ये हिवाळा सुरू होत असतो. वारा आग्नेयेकडून येतो, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर तो अंगावर येतो. लहान मुलं असतील तर फ्लिक-आँ-फ्लाकसारखं पश्चिमेचं गाव निवडा; समुद्रातल्या प्रवाळाच्या रांगेच्या आतलं, किनाऱ्याकडचं पाणी उथळ, शांत असतं. तरी पायात रबरी बूट हवेतच, प्रवाळ फार कापतं. शामारेलची सप्तरंगी माती तिथून जवळ आहे. ती लाव्हाचा दगड झिजून झालेली, हे मुलांना आधीच सांगा, मग ती खरंच निरखून बघतात. क्युरपिपला ज्वालामुखीचं विवर बघायला जाताना स्वेटर घ्या, उंचावर गारवा आणि पाऊस असतो. घड्याळ दीड तास मागे जातं, म्हणून मुलं पहाटेच उठतील. खोलीत खाऊ ठेवा.