चोडणला पक्षी बघायला निघताना आधी तिथी बघा

कोल्हापुरात रंकाळा किंवा कळंबा तलावावर पहाटे पोचलं की काम भागतं. गोव्यात मांडवीकाठच्या चोडण बेटावर, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात, ही सवय फसवते. 1988 पासून संरक्षित असलेलं हे कांदळवन जेमतेम 1.8 चौरस किलोमीटर, पण तिथली वेळ पाणी ठरवतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की तुतवार आणि बगळे चरायला उतरतात. भरतीत ते पांगतात.

वेळ काढायची कोकणी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, त्यात सव्वासहा तास मिळवा, सकाळी साडेआठला पूर्ण ओहोटी. म्हणून शुद्ध किंवा वद्य तृतीया-चतुर्थी गाठावी. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. पंचांगात अमावस्येला 30 छापतात, ते 15 धरा. अष्टमीला भांगाची भरती असते: पाणी फार उतरत नाही, आणि ओहोटी येते ऐन दुपारी बाराच्या उन्हात. तिथी दिवसात मध्येच बदलते, त्यामुळे हिशेब पाऊण तासाने चुकू शकतो. निघण्याआधी मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा या रस्त्याने आदल्या दिवशी पणजी गाठा. रात्रभर गाडी हाकून सकाळची ओहोटी साधायचा हट्ट नको. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरलात की अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी आत शिरा आणि पाणी चढू लागल्यावरही तास-दीड तास थांबा. चिखल आकसत जातो तसे पक्षी काठाकडे सरकतात. 8×42 ची दुर्बीण तेव्हा पुरते. मधल्या वेळात पायाशी बघा, निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) उड्या मारत असतात.

वाट सोडून चिखलात उतरू नका. पाय गुडघ्यापर्यंत रुततो हे एक, आणि तिवराची (कांदळवनातल्या झाडाची) पेन्सिलीएवढी श्वासमुळं पायाखाली मोडतात हे दुसरं. चिखलात हवा नसते, झाड त्या मुळांवाटेच श्वास घेतं. प्लास्टिकची पिशवी त्यांच्यावर अडकली तरी तेच नुकसान.

होडीने आतल्या फाट्यांत फिरायचं असेल तर मात्र हिशेब उलटा: भरतीची वेळ धरा. ओहोटीत होडी गाळात बसते.