छोटं कुत्रं घरी आणताय? आधी मुलांना मांडी घालून बसवा

छोटं कुत्रं आणायचं ठरलं की घरातली वडीलधारी माणसं एकच विचारतात, "पोरांना चावणार तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. दीड किलोचं पिल्लू आणि वीस किलोचा पोरगा एका खोलीत असले, तर आधी कोणाला लागेल?

आमच्याकडे पिल्लू आलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी धाकट्याने त्याला बाळासारखं कडेवर घेतलं. तो तेव्हा सहा वर्षांचा. पिल्लाने हिसडा दिला आणि ते त्याच्या कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडलं. पुढच्या पायाचं हाड मोडलं. दीड महिना पिल्लाच्या पायाला प्लास्टर होतं आणि दीड महिना धाकट्याचा चेहरा बघवत नव्हता. खाली जे लिहिलंय, त्यातलं निम्मं त्या दीड महिन्यात शिकलेलं आहे.

जात निवडताना

रूपावर जाऊ नका, आपलं घर बघा. पग आणि शित्झू मुलांशी सहसा छान जमवून घेतात. पण नाक चपटं असल्यामुळे त्यांना उष्मा सोसत नाही. विदर्भ-खानदेशात राहत असाल तर मे महिन्यात त्यांच्यासाठी कूलर किंवा एसी लागणारच. डॅशहंडची पाठ लांब, त्यामुळे सोफ्यावरून उड्या आणि जिने त्याच्या मणक्यांना घातक. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर दुसरं काही बघा.

आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. खरं पॉमेरियन जेमतेम दोन-तीन किलोचं. स्पिट्झ त्याच्या दुपटीहून जास्त वजनाचं, काटक आणि आपल्या हवेत रुळलेलं. भुंकतं फार, हे मान्य. तरी मुलांच्या घरात मी स्पिट्झच सुचवेन. आठ वर्षांखालचं मूल असेल तर चिवावा नको. 'टीकप' म्हणून जे विकलं जातं ते तर नकोच. तशी जातच नाही, मुद्दाम खुजं ठेवलेलं ते नाजूक जनावर असतं.

दोन-तीन वर्षांचं शांत कुत्रं दत्तक मिळत असेल तर पिल्लापेक्षा ते बरं. त्याचा स्वभाव समोर दिसतो.

विकत घेणार असाल तर एक नियम ध्यानात ठेवा. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. "पस्तीस दिवसांचं आहे, आत्ताच न्या म्हणजे लळा लागेल," असं सांगणाऱ्याकडून उठून या. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लू आईपाशी आणि भावंडांत शिकतं. तो धडा बुडाला की मग ते तुमच्या मुलांच्या बोटांवर शिकतं.

आणि ही जनावरं बारा-पंधरा वर्षं जगतात. आज दुसरीत असलेला मुलगा कॉलेजातून बाहेर पडेल तेव्हाही कुत्रं घरातच असेल. तेव्हा "सगळं मीच करीन" या मुलांच्या कबुलीवर कुत्रं आणू नका. कुत्रं तुमचं, मुलं मदतीला.

यायच्या आधी

मुलांना घेऊन घरभर पोटावर पालथं पडा. खरंच पडा. चार्जरची वायर, खोडरबर, खेळण्यांचे सुटे भाग, कपाटाखाली गेलेली डांबरगोळी हे सगळं त्या उंचीवरूनच दिसतं. बाल्कनीच्या गजांतून छोटं पिल्लू आरपार जातं, म्हणून खालच्या दोन फुटांना जाळी बांधा. टाइल्सवर पाय घसरतात, तिथे सतरंजी टाका.

मग येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला एक कोपरा पिल्लाला द्या. तिथे त्याची टोपली किंवा पिंजरा ठेवा आणि भोवती मुलांच्याच हाताने खडूने रेघ काढा. पिल्लू रेघेच्या आत असेल तेव्हा त्याला कोणीही हात लावायचा नाही, आजीनेसुद्धा. ही लक्ष्मणरेषा मुलांना पटकन कळते, कारण ती त्यांनीच आखलेली असते.

पहिला दिवस

शनिवारी सकाळी आणा. वाढदिवस, गणपती, दिवाळी टाळा. सोसायटीतली पोरं आठवडाभराने बोलवा. आल्याआल्या पिल्लाला आधी शी-शूच्या जागेवर न्या, मग घरात सोडा.

मुलांनी भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसायचं, हात मांडीवर. बोलवायचं नाही, पुढे वाकायचं नाही. पिल्लू आपणहून येईल, वास घेईल, कदाचित निघून जाईल. मुलांना ही पाच मिनिटं पाच तासांसारखी वाटतात. जवळ आलं तर डोक्यावरून हात आणायचा नाही, छातीला किंवा कुशीला खाजवायचं. मनात तीन आकडे मोजून थांबायचं. पिल्लू पुन्हा अंगाशी आलं तर आणखी तीन. दूर गेलं तर संपलं.

उचलायचं नाही. खेळायचं ते जमिनीवर, घ्यायचं ते बसल्या मांडीवर, तेही पिल्लू स्वतः चढलं तर. जमिनीवर बसलेल्या मुलाच्या मांडीवरून पडलं तरी ते चार-पाच इंचांवरूनच पडेल.

रात्री ते रडेल. टोपली तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, मुलांच्या अंथरुणात नको.

गुरगुरण्याआधीची भाषा

मोठं कुत्रं गुरगुरलं की माणसं मागे सरतात. छोटं गुरगुरलं की हसतात आणि मोबाइल काढतात. छोटी कुत्री तिरसट असतात म्हणतात, त्यात मला वाटतं मोठा वाटा याच हसण्याचा आहे. सांगून कोणी ऐकत नाही म्हटल्यावर ती थेट दात लावायला शिकतात.

गुरगुरण्याच्या बऱ्याच आधी कुत्रं सांगत असतं. खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवतं. झोप नसताना जांभई देतं. तोंड फिरवतं, पण डोळा तुमच्याकडेच असतो आणि त्याचं पांढरं दिसतं. शेपूट पोटाखाली जातं, अंग लाकडासारखं ताठ होतं. आमच्याकडे थोरलीने याला 'पिवळा दिवा' नाव दिलं. कोणालाही दिसला की मोठ्याने म्हणायचं आणि सगळ्यांनी हात काढायचे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला रागावू नका. धोक्याची घंटा वाजते आहे, ती वाजू द्या आणि कारण शोधा.

पिल्लू पायांच्या मागे लागून चावे घ्यायला लागलं की मुलं किंचाळत पळतात, आणि पिल्लाला वाटतं खेळ रंगला. त्यावर स्टॅच्यूचा खेळ चालतो. कोणीतरी "स्टॅच्यू!" म्हणायचं, मुलांनी हात छातीशी घेऊन पुतळा व्हायचं. पुतळ्यात पिल्लाला रस नसतो.

पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रं यांना एका खोलीत एकटं ठेवू नका. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठलात तर दोघांतल्या एकाला बरोबर घेऊन जा.

खाणं

छोट्या जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर पटकन उतरते. तीन-चार महिन्यांची होईपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. मलूल पडलं, पाय लटपटू लागले तर हिरड्यांना मध चोळा आणि थेट डॉक्टरांकडे न्या. चॉकलेट, द्राक्षं, कांदा-लसूण, शुगरफ्री च्युइंगम आणि शिजवलेली हाडं बंद. मनुके-बेदाणेही विषारी, म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही नाही. हे मुलांपेक्षा पाहुण्यांना समजावणं अवघड जातं. जेवत्या कुत्र्याजवळ मुलांनी जायचं नाही.

डॉक्टर आणि फिरणं

सहा ते आठ आठवड्यांपासून लशी सुरू होतात, सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. सगळ्या लशी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती असते. पण हातात घेऊन रिक्षा, भाजीवाला, कुकर, पाऊस हे सगळं याच दिवसांत दाखवा. जंतांचं औषध चुकवू नका, ते जंत मुलांनाही होऊ शकतात.

फिरवताना गळपट्टा नको, छातीचा पट्टा घाला. छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. आणि मुलाला एकट्याने फिरवायला पाठवू नका. रस्त्यावरची कुत्री अंगावर आली की मूल आपलं कुत्रं उचलून घेतं, आणि मग चावा मुलाला बसतो.

दात किंवा नख लागून रक्त आलं, साधं खरचटलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद नाही, चुना नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कुत्रं घरचं असलं तरी.

उभ्याने उचलायची परवानगी आमच्याकडे दहाव्या वाढदिवशी मिळते. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि पोटाशी घट्ट. धाकट्याने चार वर्षं वाट पाहिली. या जूनमध्ये त्याने अगदी शिकवल्याप्रमाणे उचललं. कुत्रं आता सात किलोचं झालंय. त्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मोठी जांभई दिली. "पिवळा दिवा," असं पुटपुटत धाकट्याने त्याला खाली ठेवलं.