पंचांना दिसलं नाही, तेव्हा काय करायचं? कबड्डीच्या मुलींना हे कसं शिकवावं

गुणफलक २४-२४. दोन मिनिटं बाकी. समोरची चढाईपटू आमच्या उजव्या कोपऱ्याकडे वळली, हात लांबवला आणि तिच्या बोटाचं टोक आमच्या मुलीच्या मनगटाला लागलं. मी रेषेबाहेर जेमतेम पाच पावलांवर होते, मला स्पष्ट दिसलं. पंचांना दिसलं नाही. ती मुलगी परत जाऊन बोट वर करून गुण मागत राहिली, पंचांनी दिला नाही. त्याच वेळी आमच्या कोपऱ्यातल्या त्या मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकले आणि पाण्याची बाटली उचलली.

आम्ही एका गुणाने जिंकलो. परतीच्या टेम्पोत सगळ्या गात होत्या, ती खिडकीशी गप्प बसली होती. तिच्या वाडीचा फाटा आला, उतरताना तिने हळूच विचारलं, "ताई, मी बाहेर जायला हवं होतं ना?"

गावात मुलींची कबड्डी शिकवता शिकवता मला बरीच वर्षं झाली. पण त्या प्रश्नानंतर मी सरावाची पद्धतच बदलली. ती इथे सांगते आहे. शाळेचे क्रीडाशिक्षक, मंडळाचे प्रशिक्षक, ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी घ्यावी.

पहिली गोष्ट म्हणजे सामन्याच्या दिवशी खरेपणावर भाषण देऊ नका. चढाई तीस सेकंदांची असते. त्यात विचार करायला वेळ कुठला? घोट्याची पकड आपण शंभर वेळा घोटून घेतो, म्हणून ऐन वेळी हात आपोआप जातो. खरं सांगणंही तसंच घोटून घ्यावं लागतं.

आठवड्यातून दोनदा पंच नसलेला सामना खेळवा. आमच्याकडे तो बुधवारी आणि शनिवारी असतो. नियम एकच: जिला स्पर्श झाला तिने स्वतः हात वर करून बाहेर जायचं, चढाई करणारीने गुण मागायचा नाही. पहिले पंधरा दिवस नुसती भांडणं होतील. होऊ द्या. मध्ये पडून निकाल दिलात की पंच तुम्हीच झालात, मग या सामन्याला अर्थ उरत नाही. दोघींचं जुळलंच नाही तर ती चढाई पुन्हा घ्या.

एखादीने हात वर केला तर टाळ्या वाजवू नका. मी सुरुवातीला वाजवायचे. मग लक्षात आलं की मुली टाळ्यांसाठी खरं बोलायला लागल्या, आणि माझी पाठ वळली की गप्प. आता ती बाहेर गेली की मी उरलेल्या सहा जणींना एवढंच म्हणते, "साखळी जोडा. आता तिला आत आणा."

मला कबड्डी सगळ्यात जास्त आवडते ती याच नियमासाठी. या खेळात बाद झालेली मुलगी कायमची बाद नसते. समोरची एक बाद केली की आपली आधी गेलेली पुन्हा आत येते. म्हणजे एकीने खरं सांगितलं तर त्याची किंमत सगळ्यांनी मिळून चुकवायची, आणि तिला परत आणणंही सगळ्यांचंच काम. हे मुलींना एकदा तरी शब्दांत सांगा. माझी कोपऱ्याची मुलगी त्या दिवशी घाबरली होती ती पंचांना नाही. आपल्यामुळे संघ हरेल, ही तिची भीती होती.

हंगामाच्या आधी एका संध्याकाळी सगळ्यांना मातीत गोल बसवा. "खरं बोलावं का?" असला प्रश्न विचारू नका, सगळ्या एका सुरात 'हो' म्हणतील. नेमका प्रसंग द्या: २४-२४, दोन मिनिटं बाकी, स्पर्श झालाय, पंचांनी पाहिलेलं नाही, आणि हरलो तर जिल्ह्याला जाता येणार नाही. मग गप्प बसा. आमच्याकडे एक जण म्हणाली, "समोरच्या कधीच सांगत नाहीत, मग आपणच का?" हा प्रश्न खरा आहे, तो दडपू नका.

मी तेव्हा गुंडाप्पा विश्वनाथची गोष्ट सांगते. १९८०, मुंबईचं वानखेडे, इंग्लंडविरुद्धची कसोटी. पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं होतं. कर्णधार विश्वनाथला वाटलं की चेंडू बॅटला लागलेला नाही, म्हणून त्याने टेलरला परत बोलावलं. पुढे टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. ही गोष्ट अर्धी सांगू नका. सामना हरलो, हे सांगाच. खरं वागलं की शेवटी जिंकतोच, असं मुलांच्या मनात भरवलं तर पहिल्याच पराभवात त्यांचा विश्वास उडतो.

हुलकावणीबद्दलही मुली विचारतात. डावीकडे जाते असं दाखवून उजवीकडे जाणं ही फसवणूक का? नाही. समोरच्या सातही जणींना ठाऊक असतं की तू हूल देणार, तो खेळच आहे. नियमाच्या अर्थावरून होणारा वादही वेगळा. २०२३च्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना एका चढाईवरून बराच वेळ थांबला होता, कारण नियम कोणता लावायचा यावरच एकमत नव्हतं. अशा वेळी कर्णधाराने बोलायचं, बाकीच्यांनी जागेवर उभं राहायचं.

काही पेच मात्र मुलींपुढे ठेवायचेच नाहीत. किशोरी गटाला ५५ किलोची मर्यादा. निवड चाचणीच्या दोन दिवस आधी आमची सगळ्यात चांगली चढाईपटू साडेछप्पन्न भरली. स्वेटर घालून पळव, पाणी बंद कर, असे सल्ले मला चारचौघांनी दिले. ती स्वतःही तयार होती. मी तिला संघाबाहेर ठेवलं. ती रडली, तिची आई घरी येऊन मला बरंच बोलली, आणि आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तरी मी पुन्हा तेच करेन. वाढत्या वयाच्या मुलीने उपाशी राहायचं की नाही, हे तिच्या मैत्रिणींना हात वर करून ठरवायला सांगू नये. जन्मदाखल्यात खाडाखोड करण्याचंही तसंच: ते पाप मोठ्यांचं असतं, तिथे चर्चा नको, सरळ नकार द्या.

बारा जणींतून सात निवडताना हजेरीचा नियम ठेवा, पण तो लावण्याआधी कारण विचारा. उशिरा येणारी एक मुलगी विहिरीवरून पाणी भरून यायची, हे मला दोन महिन्यांनी कळलं. आता तिचा सराव अर्ध्या तासाने सुरू होतो.

त्या गोल बैठकीत जे ठरेल ते मुलींच्याच अक्षरात कागदावर उतरवून घ्या. आमचा कागद शिट्टी आणि गुडघ्याच्या पट्ट्यांसोबत सामानाच्या पिशवीत असतो. दर हंगामात नव्या मुली तो नव्याने लिहितात, जुन्यातली एखादी ओळ खोडतातही.

कोपऱ्याची ती मुलगी आता कॉलेजात आहे. शनिवारी येते आणि पंच नसलेल्या सामन्यात उजव्या कोपऱ्यातच उभी राहते. आणि मी सामन्यात पाण्याची बाटली जवळ ठेवत नाही. ती राखीव मुलींकडे असते.