कोपर आखडलंय? चोळू नका, स्वतः हलवा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोपराचं दुखणं घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, "काकू, कुणाकडून चोळून घेतलंत का?" तेल लावून जोरात मालिश, कुणी धरून हात ओढणं, पाण्याची बादली लटकवून कोपर सरळ करणं, हे सगळं अजूनही सर्रास चालतं. कळकळीने सांगते, यातलं काहीही करू नका.

कोपरात तीन सांधे एकाच आवरणात बसलेले असतात. मार लागला की ते आवरण जाड होऊन आवळतं. त्याला पुढून चिकटूनच दंडाचा एक स्नायू जातो. दुखावलेल्या स्नायूला चोळलं, झटका दिला, की आत पुन्हा रक्त साकळतं आणि तिथे चक्क हाड धरू शकतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. बादलीच्या वजनाने तर दुखरा स्नायू आणखीच आवळून धरतो.

प्लास्टर असतानाच खांदा आणि बोटं हलवत राहा, हात उशीवर उंच ठेवा. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "कोपर कधीपासून हलवू?" निखळलेला सांधा नीट बसला असेल, सोबत हाड मोडलेलं नसेल, तर बहुधा आठ-पंधरा दिवसांत परवानगी मिळते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त बांधून ठेवलेलं कोपर हट्टी होतं.

परवानगी मिळाली की दहा मिनिटं कोमट पाण्याच्या टॉवेलने शेका. उताणं झोपा, दंड छताकडे उभा धरा, दुसऱ्या हाताचा आधार द्या. पंजा हळूहळू कपाळाकडे येऊ द्या, मग स्वतःच्या ताकदीने वर न्या. (कोपराच्या टोकाचं ऑपरेशन झालं असेल तर वर ढकलण्याआधी सर्जनना विचारा.) नंतर बसून कोपर कमरेला टेकवा, मुठीत लाटणं धरा आणि तळवा वर-खाली फिरवा. भाकरी थापायला आणि ओंजळ धरायला हेच फिरणं लागतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. प्रत्येक व्यायाम दहादा, दिवसातून चार-पाच वेळा. ताण जाणवू दे, पण दुखणं तासाभरात शमलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी कोपर सुजून गरम लागलं तर व्यायाम निम्मा करा, बर्फ लावा.

हात पूर्ण सरळ म्हणजे 0 अंश धरलं, तर 30 ते 130 अंश वाकणं आणि तळवा दोन्हीकडे 50 अंश फिरणं, एवढ्यात रोजची बहुतेक कामं होतात. काही आठवडे प्रगती थांबली तर स्क्रूने हळूहळू ताणणाऱ्या स्प्लिंटबद्दल (हाताला बांधायच्या आधारपट्टीबद्दल) विचारा. आवरण मोकळं करायचं ऑपरेशन त्यानंतरचं. करंगळीला मुंग्या येत असतील तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

मुलांचं वेगळं आहे. प्लास्टर निघाल्यावर त्यांना आपल्या हाताने जेवू द्या, लिहू द्या. बहुतेकांचं कोपर आपसूक सुटतं, काही महिने लागतात. तोवर आजीलासुद्धा हात ओढू देऊ नका.