ब्रॉयलरच्या खाद्यात हळद-लसूण टाकताय? आधी तराजू आणा

उन्हाळ्यात पक्षी धापा टाकायला लागले की एक जण सांगतो हळद टाक, दुसरा म्हणतो लसूण दे, आणि आपण मुठीमुठीनं टाकत सुटतो. तसं करू नका भावांनो, ग्रॅमनं टाका. दोनशे रुपयाचा छोटा डिजिटल काटा पुरतो.

सुरुवात हळदीपासून करा. हिंगोली जिल्ह्यातलं वसमतचं हळदीचं मार्केट आपल्या जवळ आहे तर सुटी पावडर कशाला घ्यायची, हळकुंड आणा आणि गिरणीतून दळून घ्या, कारण सुट्या पावडरीत रंग मारलेला असला आणि त्या रंगात शिसं असलं तर ते पक्ष्याच्या पोटातून शेवटी आपल्याच ताटात येतं. प्रमाण किलोला 5 ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या बॅगेला पाव किलो. पहिला आठवडा काहीच टाकू नका, पिल्लांना नुसतं प्रीस्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांचं खाद्य, खाऊ द्या.

आता मिसळायचं कसं, इथंच बहुतेकांचं चुकतं. पाव किलो पावडर थेट बॅगेत ओतली तर एका फीडरला पिवळाधमक माल जातो आणि दुसऱ्याला काहीच नाही. आधी पावडर 2 किलो खाद्यात हातानं चोळून एकजीव करा, मग ते 10 किलोत, मग उरलेल्या बॅगेत. पेलेटचं खाद्य असेल तर पावडर गोळीला चिकटत नाही, सगळी खाली फीडरच्या बुडाला बसते, म्हणून पेलेटला थोडं सोयाबीन तेल चोळून मग पावडर लावायची. एकदा पक्षी खाऊन झाल्यावर फीडर उपडा करून बघा, खाली पिवळा भुगा दिसला तर तुमची हळद वाया गेली म्हणून समजा.

लसणाचं म्हणाल तर वाळवून पावडर करा, तेच किलोला 5 ग्रॅम. शेवग्याचा पाला सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, आणि किलोला 10 ग्रॅमनं चालू करायचं. पाल्यात प्रोटीन चांगलं असतं पण तंतूही असतात, ब्रॉयलरला ते जास्त झेपत नाहीत. कडुलिंबाच्या नादी जरा जपून लागा, मी एका बॅचला जोशात पाला जास्त टाकला, कडूपणामुळं पक्ष्यांनी दोन दिवस खाद्याला तोंडच लावलं नाही, वजन गेलं ते गेलंच. उन्हाळ्यात आवळा पावडर बरी. कोंबडी तिचं व्हिटॅमिन सी स्वतःच बनवते, पण उष्णतेच्या ताणात ते कमी पडतं. तरी 42 डिग्रीला आवळा काय करणार, आधी पडद्याला ओलं गोणपाट लावा आणि खाद्य पहाटे व सूर्य कलल्यावर द्या.

सगळं एकदम टाकू नका, एका बॅचला एकच. नाहीतर फायदा कशाचा झाला ते तुम्हालाच कळणार नाही.

राणीखेतची (लासोटा) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून द्यायची असेल तर त्या दिवशी, आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात कुठला पाल्याचा काढा, अर्क, क्लोरीन काही नको, लस वाया जाते. विष्ठेत रक्त दिसलं किंवा मरतूक वाढली तर हळद-बिळद सोडून डॉक्टरला फोन करा. आणि कंपनीच्या करारावर पक्षी सांभाळत असाल तर सुपरवायझरला विचारल्याशिवाय खाद्याला हात लावू नका, उद्या वजन कमी आलं की खापर तुमच्यावर फुटेल.

अँटिबायोटिक कमी करायचं म्हणून बरेच जण याकडं वळतात, ते योग्यच आहे. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर 2019 पासून आपल्याकडं माणसाच्या खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत बंदच आहे. पण वनस्पती म्हणजे औषधाची बदली नाही.

खर्च बघा. 1000 पक्षी साधारण साडेतीन टन खाद्य खातात, पूर्ण काळ टाकली तर साडेसतरा किलो हळद लागते, किलोला दीडशे धरले तर 2600 रुपये. एवढे पैसे निघतात का ते बघायला जाळी लावून 50-50 पक्ष्यांचे दोन कप्पे करा, एकाला हळद, एकाला साधं खाद्य, दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन आणि खाल्लेलं खाद्य वहीत लिहा. दोन्हीकडची मरतूकही लिहायला विसरू नका.